बिलाशिवाय उंबऱ्याबाहेर

नगरपरिषदेत नोकरी केली म्हटलं की लोक आधी नळाचं विचारतात, मग नालीचं, आणि जाता जाता घरपट्टी कमी करून देता का म्हणून बघतात. मी यातलं काहीच केलं नाही. मी सभा लिपिक होते. नगरसेवक सभेत बोलतात ते ऐकायचं, त्यातलं लिहिण्यासारखं ठरावाच्या भाषेत लिहायचं आणि उरलेलं विसरायचं, हे माझं काम. विसरण्याचं काम जास्त असायचं. बुलडाणा जिल्ह्यातल्या एका गावाच्या नगरपरिषदेत मी हे तीस वर्षं केलं. गावाचं नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतीलच, आणि मला अजून त्याच गावात भाजी घ्यायची आहे.

ठराव म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. एक सूचक, एक अनुमोदक, मधे एक लांबलचक वाक्य आणि शेवटी 'सर्वानुमते मंजूर'. ते मधलं वाक्य माझं. काम गावाच्या हातातलं असलं तर ठरावाने ते होतं, निदान सुरू तरी होतं. हातातलं नसलं तर 'शासनास शिफारस करण्यात येते' असं लिहायचं आणि कागद वर पाठवायचा. आम्ही रेल्वे मागितली, माकडांचा बंदोबस्त मागितला, एकदा तर एस.टी.च्या कंडक्टरने सौजन्याने बोलावं असाही ठराव केला. कागदी घोडे म्हणून लोक हसतात. हसू देत. पण सव्वीस वेगवेगळ्या तोंडांतून निघालेला गोंधळ एका वाक्यात बसवणं काय असतं, ते हसणाऱ्यांनी एकदा करून पाहावं. मला माझ्या वाक्यांचा गर्व होता, आणि ज्या ठरावाची गोष्ट सांगते आहे त्यात तोच नडला.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर बाजारात चोऱ्या फार झाल्या. बाहेरगावची गाडी यायची, पाचसहा जण उतरायचे. एकजण भारीतली साडी मागायचा, दुसरीला लेकराचे कपडे पाहिजेत, तिसरी म्हणणार 'दादा, पाणी मिळेल का?' आणि दुकानदार पाण्याला वळला की गठ्ठा गायब. किराणावाल्याचे तेलाचे पुडे, मोबाइलवाल्याचे चार्जर, सगळ्यांनाच झळ लागली. तरी तक्रार करायला कोणी ठाण्यात जात नव्हतं. का, ते मला रतनसेठनी सांगितलं. रतनसेठ म्हणजे आमच्या बाजारातले जुने साडीवाले आणि व्यापारी संघाचे अध्यक्ष.

"मॅडम, मांगं एकडाव चोर सापडला होता. बारा साड्या बी सापडल्या. मले वाटलं, चला, देवानं वाचवलं. तं त्या झाल्या मुद्देमाल. आता केस निकालाले लागल्याशिवाय त्या मायाच नाईत! तारखा, तारखा, तारखा. परत भेटल्या तवा उंदरानं काठ खाल्ले होते, अन् ती फ्याशन तं भांडेवाली बी घेनार नाई. चोरानं एकदा नेल्या, कायद्यानं दुसऱ्यांदा नेल्या."

म्हणून व्यापारी संघ नगरपरिषदेकडे आला. दुकानातल्या चोरीसाठी शासनाने वेगळा कायदा करावा आणि त्याला नगरपरिषदेने ठराव करून पाठिंबा द्यावा, अशी मागणी होती. मागण्या रास्त होत्या. चोरीच्या मालाचे फोटो काढून माल दुकानदाराला लगेच परत द्यावा. लहान चोरीची केस लवकर संपवावी. टोळ्या करून फिरणाऱ्यांना मात्र जबर शिक्षा असावी. नगरपरिषदेच्या अध्यक्ष साहेबांनी अर्ज माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "मॅडम, मजबूत लिहा."

रतनसेठचा मुलगा पंकज तिथेच उभा होता. पुण्याला शिकून आलेला, दुकानात नुकतेच आठ कॅमेरे बसवलेले. तो म्हणाला, "मॅडम, एक गोष्ट टाकाच. चोर पकडला की म्हणतो, मी तर पैसे द्यायलाच चाललो होतो. ही पळवाट बंद झाली पाहिजे."

पळवाट बंद करायची म्हटल्यावर माझ्या अंगात वारं शिरलं. संध्याकाळपर्यंत मी चौथा मुद्दा तयार केला: 'सबब, कोणताही माल बिलाशिवाय दुकानाच्या उंबऱ्याबाहेर नेणे हीच चोरी समजण्यात यावी, अशी तरतूद प्रस्तावित कायद्यात करण्याची शासनास शिफारस करण्यात येते.' तीनदा वाचलं. कुठे सुई शिरायला जागा नव्हती. सभेत मोठ्याने वाचलं, बाकं वाजली, सर्वानुमते मंजूर. मी खुशीत घरी गेले.

घरी माझ्या पलंगावर चार साड्या पडल्या होत्या. भाचीच्या लग्नासाठी रतनसेठच्याच दुकानातून आणलेल्या. बिलाशिवाय. उंबऱ्याबाहेर. मी त्या बाजूला सरकवल्या आणि चहा प्यायले. माझ्या डोक्यात काहीसुद्धा आलं नाही. आजही आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे साडी 'पसंतीला' नेतात. ओळखीची बाई दुकानात जाते, सहासात साड्या बाजूला काढते आणि म्हणते, पसंतीला नेते. दुकानदार पिशवीत भरून देतो. घरी सासू बघते, जाऊ बघते, शेजारीण नावं ठेवायला येते, नवरा न बघताच बरी आहे म्हणतो. दोनतीन दिवसांनी, लग्नाचं असलं तर पंधरवड्यानेही, एक राहते, बाकीच्या घडी मोडू न देता परत जातात. यात ना चिठ्ठी, ना सही. दुकानात बसून साडी घेणं म्हणजे परगावच्या माणसाचं काम. मी आयुष्यात एकही साडी दुकानात पसंत केलेली नाही, आणि तरी ते वाक्य मीच लिहिलं.

आता मंदाबाई. बसस्टँडच्या मागे एका खोलीत फॉल-पिकोचं मशीन चालवायची. नवरा नाही, मुलगी बारावीला. पण तिचं खरं नाव होतं ते नजरेसाठी. कुठल्या रंगाला कुठला काठ, कुठली साडी दोन धुण्यांत विटणार, हे ती बोटांनी सांगायची. लग्नाचा बस्ता, म्हणजे लग्नाच्या कापडाची सगळी खरेदी, निघाला की लोक तिला सोबत न्यायचे. आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायकांसाठी ती स्वतःच साड्या पसंतीला न्यायची, दाखवायची, विकून द्यायची. लोक लेकीच्या लग्नातले शालू तिच्या खोलीत टाकून निर्धास्त जायचे. विश्वासावर तिचं मशीन चालत होतं, वीज नसली तरी चाललं असतं.

ठराव झाल्यावर आठच दिवसांत तिने रतनसेठकडून पाच साड्या पसंतीला नेल्या. सेठनीच पिशवीत भरून दिल्या आणि दुपारच्या गाडीने ते डोळ्याच्या ऑपरेशनला जालन्याला गेले. पंकज त्या वेळी गोदामात होता. संध्याकाळी त्याने दारावरच्या कॅमेऱ्यात पाहिलं: एक बाई भरली पिशवी घेऊन जाते आहे, बिल नाही. इतकी वर्षं पुण्यात राहिलेल्या त्याला ती ओळखू आली नाही, आणि बापाचा फोन बंद, डोळ्याला पट्टी. पोराने आव देखा न ताव. कॅमेऱ्यातला फोटो काढून व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला, आणि तो मोठा छापून दुकानाच्या काचेवर लावला. खाली आमच्या ठरावाची झेरॉक्स. चौथ्या मुद्द्याखाली लाल रेघ, त्याखाली नगरपरिषदेचा गोल शिक्का आणि 'खरी प्रत' म्हणून माझी सही. ठराव म्हणजे नुसती शिफारस, ती वर जायची, तिथे पडायची. पण गावाला शिक्का दिसला की तो कायदाच.

खेड्यांत फिरून तिसऱ्या दिवशी मंदाबाई तीन साड्या परत करायला आणि दोन विकल्याचं सांगायला दुकानात गेली, तर काचेवर तीच. नंतर बाजारातल्यांनी मला सांगितलं, ती ओरडली नाही, रडली नाही. पिशवी काउंटरवर ठेवली आणि पंकजला म्हणाली, "फोटो काढाचाच होता तं सांगाचं होतं बापा. पदर तरी नीट घेतला असता."

तिथून ती सरळ माझ्या टेबलापुढे आली. काचेवरून काढलेली झेरॉक्स तिच्या हातात होती.

"ताई, हे सही तुमची हाय?"

"हो."

"अन् हे लाल रेघ मारेल हाय, ते कोनं लिवलं?"

मला म्हणता आलं असतं, सभेने मंजूर केलं. सूचकाचं नाव सांगता आलं असतं. अशा वेळी आम्ही हेच सांगतो, तीस वर्षं सांगत आलो. पण तिने सरळ माझ्याकडे बघितलं. "मी लिहिलं," मी म्हटलं.

"काऊन?" तिने विचारलं. "तुमी नाई नेत पसंतीले?"

मी तिला खुर्ची दिली, ती बसली नाही. म्हणाली, सकाळपासून तीन घरांनी फॉल लावायला दिलेल्या साड्या परत नेल्या. कोणी तोंडावर काही बोललं नाही. एक म्हणाली लग्न पुढे गेलं, एक म्हणाली फॉल नकोच. "लगन पुढं गेलं म्हन्ते. परवा तं पत्रिका देऊन गेली मले." मग झेरॉक्सची घडी करत म्हणाली, "चोर म्हनून एकडाव नाव झालं ना ताई, तं मायं मशीन भंगारात. पोरीले काय शिकवू मंग?"

ती गेल्यावर माझ्या मनात पाप आलं, तेही सांगून टाकते. सभेचं इतिवृत्त, म्हणजे झालेल्या कामाचा लेखी वृत्तांत, पुढच्या सभेत वाचून कायम होतं. ते अजून व्हायचं होतं. रजिस्टर माझ्या कपाटात, किल्ली माझ्या कमरेला. एक पान नव्याने लिहून त्या झेरॉक्सला नकलेतली चूक म्हटलं असतं तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. नगरसेवकांना स्वतःचं भाषण आठवत नाही, तर चौथा मुद्दा काय आठवणार? रजिस्टर काढलंसुद्धा. मग वाटलं, इंगळेबाई, चोरीचा ठराव आता तुम्ही चोरून बदलणार का? रजिस्टर ठेवून दिलं. जे भर सभेत झालं ते भर सभेतच मोडायला हवं होतं, आणि ताजा ठराव बदलायचा तर निम्म्याहून जास्त सदस्य बाजूने लागतात.

दोन दिवसांनी रतनसेठ डोळ्याला काळा चष्मा लावून परत आले. आल्याआल्या त्यांनी काच साफ करवली, पोराला सगळ्यांसमोर झापलं आणि मंदाबाईकडे निरोप धाडला, झालं गेलं विसरून जा. ती काही विसरायला तयार नव्हती. मी सेठना भेटायला गेले तेव्हा ते वैतागले होते.

"मॅडम, काचेवरून फोटो काढला, ग्रुपवर गलती झाली म्हनून टाकलं. आता अजून काय करू?"

"चोर म्हटलेलं सगळ्या गावाने वाचलं, सेठ. गलती झाली ते किती जणांनी वाचलं?" मी म्हटलं. "भर सभेत येऊन सांगा, साड्या मीच दिल्या होत्या म्हणून. आणि तो चौथा मुद्दा काढा म्हणावं."

"अन् व्यापारी मले काय म्हनतीन? अध्यक्षानंच कायदा मांगतला अन् अध्यक्षच मांगं सरकला?"

"कायदा मागे घ्या असं कोण म्हणतं? चोराला धरायलाच पाहिजे. पण चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची असेल तर तुमच्या दुकानात उद्या पसंतीला कोण येईल, ते सांगा. मी तर नाही येणार. त्या चार साड्या उद्या परत पाठवते, आणि भाचीची खरेदी चिखलीला करते."

सेठनी काळा चष्मा सारखा केला. हो म्हणाले नाहीत. पण चहा मागवला, आणि आमच्या बाजारात सेठने चहा मागवला म्हणजे बोलणं संपलेलं नसतं.

आता सदस्य जमवायचे होते, आणि लिपिकाला ते करता येत नाही. मी फक्त शोभाताईंकडे गेले. शोभाताई दुसऱ्यांदा निवडून आलेल्या, पण पहिल्या पाच वर्षांत त्यांचा आवाज मी ऐकलाच नव्हता. त्यांचे यजमान व्हरांड्यात बसून आतल्या सभेचं राजकारण चालवायचे. आमच्याकडच्या बऱ्याच महिला सदस्यांचं तसंच होतं. मी त्यांना सगळं सांगितलं, आणि शेवटी एवढंच विचारलं, "ताई, तुम्ही पसंतीला नेता का?"

त्यांनी कपाट उघडून दाखवलं. आत तीन साड्या, दुकानाच्या पिशवीसकट.

पुढच्या सभेला रतनसेठ प्रेक्षकांच्या बाकावर येऊन बसले. दाराजवळच्या भिंतीला टेकून मंदाबाई उभी होती. इतिवृत्त वाचायला मी सुरुवात केली, चौथ्या मुद्द्याशी आले, आणि शोभाताई उभ्या राहिल्या. एका सदस्याने सवयीने व्हरांड्याकडे बघितलं.

"अध्यक्ष साहेब, मले एक विचाराचं हाय," त्या म्हणाल्या. "ज्याच्या ज्याच्या घरी आज या घडीले पसंतीच्या साड्या पडेल हायत, त्यानं हात वर करा."

सभागृहात हशा झाला. आधी बायकांचे हात वर गेले, एक, दोन, चार, मग सगळ्यांचेच. पुरुषांपैकी एकजण म्हणाला, "मायी बायको परवाच आनून राह्यली होती," आणि त्याने हात वर केला. मग बाकीच्यांना घरची कपाटं आठवू लागली. अध्यक्ष साहेब काही वेळ कागद चाळत बसले आणि मग त्यांनीही हात वर केला. मी मोजले. निम्म्याहून कितीतरी जास्त होते.

"म्हंजे आपुन समदे चोर," शोभाताई म्हणाल्या. "मंग त्या बाईचा एकटीचाच फोटो काऊन लावला?"

अध्यक्ष साहेबांनी रतनसेठना बोलायची परवानगी दिली. प्रेक्षकांना बोलता येत नाही असा नियम आहे, तो नियमही मीच दर वेळी वाचून दाखवायचे. त्या दिवशी मी तो वाचला नाही. सेठ उठले, बाकाला हात धरून उभे राहिले. म्हणाले, "साड्या म्या माया हातानं भरून देल्या होत्या. मंदाबाईनं चोरी केली नाई. चूक माया घरची हाय."

तीस वर्षांत लोकांचं बोलणं मी 'असे प्रतिपादन केले', 'अशी विनंती केली' या साच्यात बसवत आले. त्या दिवशी सेठचं वाक्य मी रजिस्टरात जसंच्या तसं लिहिलं, वऱ्हाडीसकट. अध्यक्ष साहेबांनी विचारलं, हे असं चालतं का? मी म्हटलं, चालतं. सही करताना त्यांनी ते दोनदा वाचलं.

ठराव बदलला. कायदा पाहिजे, माल लवकर परत पाहिजे, टोळ्यांना शिक्षा पाहिजे, हे सगळं राहिलं. चौथा मुद्दा गेला. त्याच्या जागी आलं की दुकानदाराने राजीखुशीने पसंतीला दिलेला माल चोरी समजू नये आणि गुन्हा शाबीत झाल्याशिवाय कोणाचा फोटो दुकानात लावू नये. हे वाक्य पहिल्याइतकं गुळगुळीत नाही. दोन ठिकाणी 'परंतु' आहे, एका ठिकाणी 'तथापि'. पण मी लिहिलेल्या सगळ्या ठरावांत मला हाच आवडतो.

वरून उत्तर आलं, 'आपला ठराव प्राप्त झाला.' इतकंच. पुढे काही वर्षांनी देशाचे फौजदारी कायदे नवे झाले, तेव्हा त्यात मुद्देमालाचे फोटो काढून माल लवकर मोकळा करण्याची सोय आली असं वकील सांगतात. ती आमच्या ठरावामुळे आली असं मी म्हणणार नाही. मनातल्या मनात म्हणते, तेवढा हक्क निवृत्त माणसाला असावा. रतनसेठ म्हणतात, आता ठाण्यात जायला पहिल्यासारखं भ्याव वाटत नाही.

मंदाबाईचं मात्र ठरावाने लगेच सुरळीत झालं नाही. बदनामी पसरायला एक संध्याकाळ लागली आणि पुसायला अर्धं वर्ष. मी माझ्या सगळ्या साड्या, जुन्यासुद्धा, तिच्याकडे पिकोला नेल्या. शोभाताईंनीही नेल्या. त्याने मशीन चालू राहिलं, पण बस्त्याला तिला कोणी बोलवेना. ती वाट बघत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

मग उन्हाळ्यात सुलतानपूरकडचं एक घर लग्नाचा बस्ता करायला आमच्या गावी आलं. बायका आधी बसस्टँडमागच्या खोलीवर गेल्या आणि मंदाबाईला घेऊनच रतनसेठच्या दुकानात शिरल्या. भाचीच्या लग्नाच्या राहिलेल्या दोन साड्या घ्यायला मी तिथेच होते. गादीवर ढीग पडला. ती एकेक उलगडत होती, बाजूला टाकत होती, बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या. पंकज काउंटरवर मान खाली घालून बसला होता.

एक मोरपंखी साडी तिने उचलली, दिव्याखाली धरली, तिला काही तो रंग पटेना. साडी तशीच हातावर घेऊन ती दाराकडे निघाली, उन्हात बघायला. वर कॅमेरा होता. उंबऱ्याशी ती क्षणभर थांबली. मग तिने पाय बाहेर टाकला.

पंकज उठला. तो तिच्या मागोमाग रस्त्यावर गेला, साडीचं दुसरं टोक हातात घेतलं आणि उभा राहिला.

मंदाबाईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती काठ बघत होती. "वर धर बे जरा," ती म्हणाली, "जमिनीले नको लागू देऊ."